गवताच्या कडेनं

गाडी लंडनच्या बाहेर पडेपर्यंत अण्णांनी कोटाचा आतला खिसा चौथ्यांदा चाचपला.

"आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. जातीय कुठं?"

"मग सारखं काय चाचपताय?"

"माझा खिसा, माझा हात. तुला काय तरास?"

खिशात एक किल्ली होती. वीतभर लांब, लोखंडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ती केंब्रिजच्या एका कॉलेजच्या फाटकावर नेऊन द्यायची, एवढ्या एका कामासाठी अण्णा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. लेकीला भेटणं हे आपलं जाता जाता. आईनं विमानाचं नाव काढताच कानांवर हात ठेवले, म्हणून ती गावीच राहिली.

साल सत्त्याऐंशी, महिना सप्टेंबर. मी तेव्हा लंडनला संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होते. माझे वडील ज्ञानदेव लोहार माणदेशातल्या आमच्या गावच्या कॉलेजात चौतीस वर्षं शिपाई होते. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, वर्ग बंद करायचे आणि संध्याकाळी सगळ्या किल्ल्या ऑफिसातल्या फळीवर आपापल्या खिळ्याला लावायच्या, हे त्यांचं काम. एखादा खिळा रिकामा दिसला तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि ही किल्ली तर पन्नास वर्षं खिळ्याबाहेर होती.

किल्ली तुळसकर सरांची. सर आमच्या कॉलेजचे पहिले प्राचार्य. कोकणातला हिरवागार मुलूख सोडून हा माणूस आमच्या कुसळांच्या रानात आला आणि सरकीच्या एका रिकाम्या गोदामात त्यानं कॉलेज काढलं. सर केंब्रिजचे, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. 'आमच्या केंब्रिजला' असं म्हणून सर बोलायला लागले की शेंगा विकणारी म्हातारीसुद्धा पाटी खाली ठेवायची. तिथलं घड्याळ प्रत्येक ठोका दोनदा देतं, एकदा जाड आवाजात, एकदा बारीक. म्हणून आमच्याकडे अण्णा तासाची घंटा दोनदा द्यायचे. तिथं जिन्याच्या पायथ्याशी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत राहणाऱ्यांची नावं असतात. म्हणून आमच्या गोदामाच्या जिन्यालाही तशी पाटी. आणि तिथं चौकात गवत असतं, त्यावर कुणीही पाय ठेवत नाही. म्हणून आमच्याकडेही गवत.

माणदेशात गवत. लोक हसले, आमदारही हसले. सरांनी विहिरीच्या पाण्यावर ते जगवलं आणि नियम घातला की त्यावरून कुणी चालायचं नाही. पोरांनी नाही, प्राध्यापकांनी नाही, खुद्द प्राचार्यांनीही नाही. सर स्वतः चोवीस वर्षं कडेनं वळसा घालून ऑफिसात गेले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पहिलं पाणी गवताचं तोडलं, 'आधी माणसं' म्हणाले. पण त्या धुळीच्या चौकोनालाही लोक वळसाच घालत राहिले, कारण कडेला अण्णा उभे असत.

सर गेले चौऱ्याऐंशी साली. आदल्या दिवशी त्यांनी अण्णांना बोलावून उशाखालून किल्ली काढून दिली. "ज्ञानोबा, ही तिथली. माझ्याकडे राहून गेली. कधी जमलं तर फाटकावर पोचती कर." सरांच्या मागं बायको नाही, पोर नाही. निरोप अण्णांनी गाठीला बांधला आणि मी लंडनला पोचल्यावर पहिल्याच पत्रात विचारलं, तिथून केंब्रिज किती लांब.

खरं सांगायचं तर मला तिथं जायचं नव्हतं. केंब्रिजनं मला नाकारलं होतं. 'शालन, तू तिथं जाणार,' हे सरांचं वाक्य ऐकत मी वाढले होते, त्यांच्यापायी शिपायाची पोर गणितात पहिली आली होती, आणि तिथून आलं ते दोन ओळींचं पत्र. तेव्हा गाव बघून भारावून जायचं नाही, एवढं मी घरूनच ठरवून निघाले होते.

हा माझा ताठा अर्धा तास टिकला. ऊन पडलं होतं. दगडी भिंतींचा रंग मधाचा, भिंतीला टेकून शेदीडशे सायकली. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं थांबायचं. दारांच्या उंबऱ्यांचे दगड मधोमध झिजलेले. पाचशे वर्षं पोरं पुस्तकं घेऊन त्यावरून आत गेली होती. मी एका उंबऱ्यापाशी थांबून तो खोलगा बघत राहिले. हे सगळं माणसांनी शिकण्यासाठी बांधलं होतं. मला नाकारलं होतं तरी मला ते आवडलं, काय करणार.

आणि गंमत म्हणजे केंब्रिज मी अण्णांना दाखवत नव्हते, अण्णा मला दाखवत होते.

"आता डावीकडं वळ. बाजार लागंल. जुन्या पुस्तकांचं दुकान पालाखाली."

वळलो. पालाखाली जुन्या पुस्तकांचं दुकान होतं.

"आता नदी. उथळ हाय, लांब बांबूनं होड्या रेटत्यात. पलीकडं गाई चरत असतील."

"अहो अण्णा, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाई असतील का आता?"

नदीपलीकडच्या कुरणात गाई चरत होत्या, ऐन गावाच्या मध्यात. अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही पोळीभाजी खाल्ली, कारण सरांनी तिथंच बसून पाव खाल्ला होता. तेवढ्यात लांबवर घड्याळाचे ठोके पडले, आधी जाड, मग बारीक. अण्णांनी घास तसाच हातात धरला.

"दोनदा दिलं बघ," ते म्हणाले. "म्हंजे मी बरोबर देत हुतो."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी गाईंकडे बघत राहिले.

कॉलेज सापडायला वेळ लागला नाही. त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. भलंमोठं लाकडी फाटक, त्यात आमच्याकडच्या गढीला असते तसा माणूसभर दिंडीदरवाजा, उंबरा उंच. सरांनी सांगितल्याप्रमाणे अण्णांनी आधी उजवा पाय उचलून आत टाकला. आत चौक, मध्ये कारंजं आणि चारी बाजूंना ते गवत. इतकं हिरवं आणि इतकं सारखं की मला आधी ते अंथरलेलं वाटलं. सुट्टीचे दिवस होते, चौकात चिटपाखरू नव्हतं.

अण्णा गवताच्या काठाशी उकिडवे बसले आणि हाताचा तळवा पात्यांवरून फिरवला. "आपलं असं कवा झालंच न्हाई," ते म्हणाले. "लई पाणी मारलं, पर असं न्हाई झालं."

त्याच वेळी समोरच्या दारातून एक म्हातारा साहेब बाहेर पडला. कोपरावर ठिगळ लावलेला कोट, बगलेत कागदांचा भारा. त्यानं पायवाट सोडली आणि तो सरळ गवतात शिरला.

अण्णा उठले. चौतीस वर्षांची सवय, मी धरायच्या आत आवाज सुटला.

"ओ सायेब! गवतावरनं न्हाई जायाचं! कडंनं, कडंनं या!"

चारी भिंतींवरून तो आवाज परत आला. साहेब मध्येच थबकला. अण्णा हातवारे करून त्याला कडेची वाट दाखवत होते, आमच्या पोरांना दाखवायचे तशीच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबानं अण्णांकडे बघितलं, पायाखालच्या गवताकडे बघितलं, मग डोक्याला हात लावून मान लववली आणि आल्या पावली मागं जाऊन कडेनं सबंध वळसा घालून निघून गेला.

"शिकल्याला मानूस," अण्णा समाधानानं म्हणाले. "एकदा सांगितलं की कळतं."

मागून कुणीतरी हसू दाबत होतं. फाटकावरचा पोर्टर होता. पोर्टर म्हणजे हमाल नव्हे. तिथल्या कॉलेजांचे द्वारपाल असतात, काळा सूट, काळी गोल टोपी. या गृहस्थांचं नाव हॅलम. साठीचे असावेत. गालांवर लाली, मिशा पांढऱ्या.

"बाई, गेल्या तीस वर्षांत डॉक्टर प्रायरना कुणी अडवलं नव्हतं," ते मला इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या वडिलांना सांगा, गवतावरून जायचा हक्क इथल्या प्राध्यापकांना आहे. बाकी कुणाला नाही. हा इथला फार जुना मान आहे, आल्या दिवशी प्रत्येक पोराला आम्ही तो समजावून सांगतो."

मी हे मराठीत करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

आल्या दिवशी प्रत्येक पोराला सांगतात. मग सरांना कसं ठाऊक नव्हतं?

संख्याशास्त्रात एक सवय लागते. समोर काय आहे याच्याइतकंच काय नाही हेही बघायचं. सरांच्या केंब्रिजात कधी थंडी नव्हती. पाऊस नव्हता. रात्र नव्हती. एकाही शिक्षकाचं नाव नव्हतं, एकाही मित्राचं नव्हतं. बाजार होता, नदी होती, बाकावर बसून खाल्लेला पाव होता, जिन्याच्या पायथ्याची पाटी होती. पण जिना चढून वर गेल्यावर काय दिसतं ते सरांनी कधीच सांगितलं नव्हतं. सगळ्या गोष्टींना एकाच दिवसाचं ऊन होतं.

"काय म्हनत्यात?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतात, बरं केलंत."

माझं पहिलं खोटं. दुसरं लगेच पुढं उभं होतं, कारण अण्णांनी किल्ली खिशातून काढून हॅलमसाहेबांपुढे धरली होती, दोन्ही हातांनी.

फाटकाशेजारच्या खोलीत त्यांनी आम्हाला नेलं. आतली अख्खी भिंत म्हणजे एक फळी आणि तिच्यावर तीन-चारशे खिळे, प्रत्येकाखाली आकडा, प्रत्येकाला किल्ली. अण्णांनी त्या भिंतीला हात जोडले. मी हॅलमसाहेबांना सरांचं नाव सांगितलं, साल अडतीस सांगितलं. त्यांनी कपाटातून जाड वही काढली, चष्मा लावला, पानावरून बोट फिरवत गेले. मागचं पान, पुढचं पान. मला उत्तर आधीच माहीत होतं. मला सरांचा राग आला होता. ज्याच्या नावावर मी इतकी लांब आले, तोच माणूस या उंबऱ्याच्या आत कधी राहिला नव्हता. आणि शेजारी अण्णा ताठ उभे होते.

"नाही, बाई. या नावाचं कुणी नाही. आधीच्या वर्षांतही नाही, नंतरच्याही नाही." मग त्यांनी किल्ली उचलून उजेडात धरली, उलटीपालटी केली, दातांवरून अंगठा फिरवला. "आणि ही आमची किल्ली नाही. आमच्या कुठल्याच कुलपाची नाही. ही कुणीतरी हातानं घडवलीय. सुंदर. फारच सुंदर काम आहे."

अण्णा माझ्याकडे बघत होते.

"नाव सापडलं म्हणतात," मी म्हणाले. "आणि म्हणतात, या किल्लीची केव्हापासून वाट बघत होतो."

अण्णांनी मान हलवली. मी हॅलमसाहेबांकडे वळले आणि इंग्रजीत भराभर बोलले. "माफ करा, मी त्यांना खोटं सांगितलंय. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे. ते यासाठी साडेचार हजार मैल आलेत. तुम्ही ही नुसती ठेवून घ्या. आम्ही गेल्यावर फेकून दिली तरी चालेल."

त्यांनी अण्णांकडे बघितलं. "वडील काय करायचे?"

"तुमचंच काम. एका कॉलेजच्या फाटकावर, चौतीस वर्षं."

हॅलमसाहेब उठले. टेबलावर काढून ठेवलेली टोपी त्यांनी डोक्यावर चढवली, कोटाची बटणं लावली. दुसरी एक वही उघडून त्यात तारीख घातली, 'किल्ली, एक, परत आली' असं लिहिलं आणि वही अण्णांपुढे सरकवली. अण्णांनी मराठीत सही केली, ज्ञानदेव बाबू लोहार, प्रत्येक अक्षर सुटं. मग फळीच्या अगदी टोकाला एक बिनआकड्याचा रिकामा खिळा होता, त्याला हॅलमसाहेबांनी ती किल्ली लावली आणि अण्णांना सलाम ठोकला. अण्णांनीही ठोकला. मला खाली बघावं लागलं.

"त्यास्नी एक विचार," अण्णा म्हणाले. "फाटकाचं कुलूप आतनं बघू का म्हनावं?"

पुढची वीस मिनिटं दोन म्हातारे त्या फाटकाच्या आतल्या बाजूला खाली बसले होते. हॅलमसाहेबांनी कुलपाचं झाकण काढलं. अण्णांनी आत बोटं घातली, कमान दाबून बघितली, अडसर पुढं-मागं सरकवला आणि मध्येच "असं व्हय!" म्हणून हसले. दोघांनाही माझी गरज पडली नाही.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीपाशी बसले. हात खिशाकडे गेला, तिथं काही नव्हतं, परत मांडीवर आला. मी मनात जुळवाजुळव करत होते. गावी गेल्यावर हे कुणाला काय सांगतील, मी काय सांगू द्यायचं.

"शालन," ते बाहेर बघतच म्हणाले, "किल्ली त्येंची न्हाई म्हनाला ना त्यो?"

मी तिकिटं पर्समध्ये नीट ठेवायला लागले.

"चौतीस वर्सं हापिसच्या दारात स्टुलावर बसलोय. 'नो' म्हनल्यालं कळाया काय कॉलेज लागतंय? नाव बी न्हाई गावलं."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला कशापायी वाईट वाटंल? मला ठावंच हुतं." ते आता माझ्याकडे वळले. "सर पहिल्यांदा आलं ते आपल्या भात्यावर. गोदामाच्या फाटकाला कुलूप पायजे म्हनाले, केंब्रिजच्या फाटकाला हाय तसं. कागदावर चित्र काढून दावलं. लई बारीक बघितल्यालं. मी म्हनलं, ह्ये भायेरनं झालं, आतली बाजू कशी हाय? तर म्हनाले, आतनं न्हाई बघाया मिळालं. एकच दिवस हुतो."

"एक दिवस?"

"बोटीवर कारकून हुते. बोट दुरुस्तीला लागली, एका दिसाची रजा गावली. सकाळच्या गाडीनं आले, सांजच्या गाडीनं गेले. आपल्यावानीच. फुडं बोट सोडली, मुंबईत शिकले. मी शिकलो तितं, असं त्येंच्या तोंडनं कवा ऐकलंस का तू? 'आमच्या केंब्रिजला' एवढंच. बाकीचं गावानं लावलं, आन मी लावू दिलं. त्या कुलपाच्या पायी मी कॉलेजात गेलो, बसवलं, आन तितंच ऱ्हायलो."

"आणि ती किल्ली?"

"माझी किल्ली मला वळखू येत न्हाई व्हय? आपल्या कॉलेजची पैली किल्ली हाय ती. मी कानस मारल्याली. शेवटी शेवटी सरांच्या डोक्यात दोन्ही फाटकं एक झाली असतील. न्हाईतर झाली नसतील बी. तितं न्हेऊन लाव म्हनाले. लावली."

स्टेशनं मागं पडत होती. माझा सरांवरचा राग कुठल्या स्टेशनावर उतरला ते मला कळलं नाही. एका दिवसात त्या माणसानं किती बघितलं होतं. तेवढ्या शिदोरीवर त्यानं गोदामाचं कॉलेज केलं, लोहाराला शिपाई केलं आणि शिपायाच्या पोरीला इथवर आणलं. मी तर इथं दोन वर्षं राहून गाईसुद्धा बघितल्या नव्हत्या.

"एक मातूर तू बरं न्हाई केलंस," अण्णा म्हणाले.

"काय?"

"त्यो किल्ली बघून 'ब्यूटिफुल' म्हनाला. दोनदा म्हनाला. त्ये तेवढं का न्हाई सांगितलंस?"

मी त्यांचा हात हातात घेतला. तळव्याला अजून त्या कुलपाचं तेल होतं. "फारच सुंदर काम आहे, असं म्हणाले, अण्णा."

"हां," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले. थोड्या वेळानं म्हणाले, "आन गवताचं गावात कुणाला बोलू नगंस. प्रोफेसर लोकास्नी चालतंय म्हनून."

त्याला आता तीसहून जास्त वर्षं झाली. अण्णा गेले. मी पुढं पुण्याला शिकवलं, निवृत्त झाले आणि परवा आमच्या कॉलेजनं पदवीदान समारंभाला पाहुणी म्हणून बोलावलं. नवे प्राचार्य तरुण, चटपटीत. समारंभाला उशीर होत होता. "मॅडम, इकडून सरळ या, जवळ पडेल," असं म्हणून त्यांनी गवताकडे हात केला.

फाटकावरचा शिपाई माझ्याकडे बघत होता. मी पदर खोचला आणि कडेनं गेले. प्राचार्यांनाही माझ्यामागं यावं लागलं.